बिऱ्हाड गाडीत हलवताना

आमची गाडी कुठेही उभी राहिली की पाच मिनिटांत कोणीतरी येऊन विचारतंच, "आत बघू का?" मग बेड, ओटा, छोटा फ्रिज, ओट्याखालची कपाटं बघून माणसं हरखून जातात. त्यातली काही नंतर फोन करतात की आम्हालाही पुण्या-मुंबईतलं सगळं आवरून असंच राहायचंय, गाडी कुठली घेऊ? मी त्यांना उलटा प्रश्न करते : तुमच्या घरातलं सांडपाणी जातं कुठे, माहीत आहे का?

शहरात नळ सोडला की पाणी येतं, फ्लश ओढला की जातं, सकाळी घंटागाडी येते आणि कचरा आपला राहत नाही. गाडीत ही सगळी खाती तुमच्याकडे येतात. बेड कसा दुमडायचा हा प्रश्न सुतार दोन दिवसांत सोडवतो. पाणी, मैला, कचरा आणि रात्रीची जागा हे रोज सकाळी नव्याने उभे राहतात. म्हणून हा लेख त्यांच्याबद्दल जास्त आहे आणि पडद्यांच्या रंगाबद्दल अजिबात नाही.

मी आणि नवरा चिंचवडचा फ्लॅट भाड्याने देऊन तीन वर्षांपूर्वी गाडीत राहायला आलो. मुलगी तिच्या मार्गाला लागली होती, माझी बँकेतली नोकरी सोडून झाली होती, नवरा यंत्रांची ड्रॉइंग्ज करतो ते काम लॅपटॉपवर चालतं. खालचं सगळं या बेतावर आधारलेलं आहे. लहान मुलं असतील किंवा तुम्ही एकटे असाल तर काही गोष्टी बदलतील.

गाडी घेण्याआधी घरातच आठवडा काढा

हा प्रयोग फुकट आहे आणि तो टाळणारेच नंतर पस्तावतात. राहत्या फ्लॅटमध्ये आठ दिवस नळ बंद समजा. रोज सकाळी दोघांसाठी वीस लिटरचे दोन कॅन भरून ठेवा. पिणं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ सगळं त्यात बसवा. कचरा तीन दिवस घरातच ठेवा. एकच शेगडी, एक पातेलं, एक कुकर, एक तवा. कपडे एका कप्प्यात मावतील तेवढेच. दोघांनी एकाच खोलीत राहायचं आणि एकाचा फोन चालू असताना दुसऱ्याने तिथेच बसायचं. आमचं भांडण पाचव्या दिवशी झालं, विषय होता ओला टॉवेल. बरं झालं, कारण गाडीत शिरायच्या आधीच टॉवेलसाठी बाहेरच्या बाजूला दांडी बसवून घेतली.

त्यानंतर दहा-पंधरा रात्री भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन राहा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. भाड्याने गाड्या देणारे आता दोन्हीकडे सापडतात. भाडं महाग वाटेल, पण काही लाखांची चूक करण्यापेक्षा स्वस्त. आणि या रात्री मे महिन्यात किंवा जुलैत काढा. डिसेंबरात काशिदला गाडीत राहणं कोणालाही आवडतं.

पत्ता सोडू नका

निरोप समारंभाच्या जोशात काही जण घर विकून टाकतात. माझा सल्ला : पहिली दोन वर्षं तरी विकू नका. आणि विकलंच, तर गावचं घर, भाऊ, बहीण, कोणाचा तरी पत्ता कायमचा ठरवून आधार, मतदार यादी, बँक, गाडीचं आरसी, विमा, सगळं त्या एकाच पत्त्यावर आणा. चार कागदांवर चार पत्ते असले की बँकेच्या केवायसीला दर वेळी नवं नाटक होतं, हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

घर भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही द्या. तुम्ही हिमाचलात स्पितीत असाल आणि इथे काही झालं तर हेच कागद कामाला येतात.

टपालासाठी एक जुनी सोय अजून आहे : पोस्ट रेस्टांट. पाकिटावर तुमचं नाव, खाली 'पोस्ट रेस्टांट' आणि त्या गावच्या मुख्य पोस्टाचा पिनकोड लिहायचा. पाकीट पोस्टातच थांबतं आणि ओळखपत्र दाखवून घ्यायचं. लहान पोस्टात बाबूंना हे सांगावं लागतं, पण एकदा आठवण झाली की खूश होऊन शोधून देतात. पार्सलसाठी मात्र आम्ही ओळखीच्या किराणा दुकानाचा किंवा गॅरेजचा पत्ता देतो, आधी विचारून.

आरोग्य विमा नोकरीसोबत जात असेल तर राजीनाम्याच्या आधी स्वतःचा घ्या. नंतर जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत नव्याने सुरू होऊ शकते.

गाडी आणि आरटीओ

फोनवर सर्वांत जास्त वेळ यावरच जातो. एकट्या माणसाला ईको किंवा जुनी ओम्नी पुरते. आत उभं राहता येत नाही, पण ती कुठल्याही बोळात शिरते आणि कुठल्याही गावात दुरुस्त होते. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, सुटे भाग अजून मिळतात. दोघांना कायम राहायचं असेल तर माझं मत सरळ आहे : फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर, उंच छपराची. आत ताठ उभं राहता आलं पाहिजे. वाकून पोळ्या लाटण्यातली गंमत तिसऱ्या दिवशी संपते. ट्रॅव्हलरचा मोठा फायदा असा की ती रुग्णवाहिका म्हणून, शाळेची बस म्हणून, वऱ्हाडाची गाडी म्हणून देशभर धावते, त्यामुळे गडचिरोलीतही तिचा क्लच बदलणारा मिस्त्री भेटतो. लोक अजून तिला 'टेम्पो ट्रॅव्हलर'च म्हणतात. बजाज टेम्पोचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं ते जिभेने मानलेलं नाही. आणि हो, ऑनलाइन जाहिरातीत 'बोलेरो कॅम्पर' दिसली तर फसू नका. ती दोन रांगांची केबिन असलेली पिकअप आहे.

जुनी गाडी घेताना इंजिनाइतकंच खालचा पत्रा बघा. मुंबई-कोकणात फिरलेल्या गाडीचा गंज पायदानाखाली आणि चाकांच्या कमानींत लपलेला असतो. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मालक नाराज झाला तर समजा टोचायची जागा बरोबर आहे. शक्यतो घाटावरची गाडी घ्या.

आता कागद. बहुतेक जुन्या ट्रॅव्हलर पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याने धावणाऱ्या असतात. ती खासगी करायची तर कर्ज फिटल्याचा दाखला, परमिट जमा करणं, कराचा फरक आणि तपासणी, एवढं सगळं होतं. आतल्या सीट काढून बेड-ओटा बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल ठरतो, त्यासाठी आरटीओची परवानगी आधी घ्यायची असते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्राच्या वाहन-वर्गीकरणात आहे, नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे भाड्याने न धावणाऱ्या गाड्यांत. आणि अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. म्हणून काम अशा बॉडी बिल्डरकडे द्या ज्याने आधी एक तरी गाडी या प्रकारात पास करून घेतली आहे, आणि ते आरसी डोळ्यांनी बघा. "साहेब, कोणी विचारत नाही" असं म्हणणाऱ्याकडून उठून या. पोलीस विचारणार नाहीत कदाचित, अपघातानंतर विमा कंपनी नक्की विचारेल. बदल विम्यातही लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी तुमची गाडी कागदोपत्री तेरा सीटची बसच असते.

लायसन्सची चिंता नको. एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारगाडीच्या लायसन्सवर एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतची गाडी चालते, आणि ट्रॅव्हलर त्याच्या बरीच खाली आहे. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. आम्ही वर्षातून एकदा घरी येतोच, दिवाळीला. फास्टॅगचा वर्ग आरसीवरून ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला वार्षिक पास (तेव्हा ३,००० रुपयांचा) खासगी कार, जीप, व्हॅनसाठी आहे. मिनीबसच्या वर्गात अडकलेल्या टॅगला तो मिळत नाही.

आतली मांडणी : वजन आधी, सौंदर्य नंतर

आमच्याकडून झालेली चूक. पाण्याची १२० लिटरची टाकी, बॅटरी आणि गॅस असं सगळं 'एका बाजूला बरं पडतं' म्हणून मागच्या उजव्या कोपऱ्यात गेलं. भरलेली टाकी म्हणजे १२० किलो, दोन माणसं कायम त्या कोपऱ्यात बसल्यासारखी. सहा महिन्यांत उजव्या बाजूचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले, टायर एका कडेने झिजले आणि झोपल्यावर मी रोज नवऱ्याच्या अंगावर घरंगळायला लागले. टाकी आता दोन चाकांच्या मधोमध, जमिनीलगत आहे. सगळं सामान भरून गाडी वजनकाट्यावर नेऊन बघा, साखर कारखान्याजवळ काटे भरपूर असतात. आधी पुढची चाकं, मग मागची, असं वेगवेगळं वजन करून घ्या.

फर्निचरला साधं प्लाय वापरू नका, कोकणातला एक पावसाळा त्याचा पापड करतो. कपाटांना चुंबक पुरत नाही, कडी हवी. छपराला आतून इन्सुलेशन आणि बाहेरून पांढरा रंग. बाकी हौस तुमची.

सामान कसं भरावं हे मी कोणा व्हिडिओतून शिकले नाही. वाल्ह्याच्या मुक्कामावर एका दिंडीचा ट्रक रिकामा होताना बघितला. दुपारी ट्रक पोचला, आधी ताडपत्री आणि राहुट्यांचे बांबू निघाले, मग पाण्याची पिंपं, मग चूल आणि मोठी पातेली, शेवटी वळकट्या. ज्याची गरज आधी, ते सर्वांत शेवटी भरलेलं. ट्रक भरणाऱ्या काकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, पाऊस काय विचारून येतो का? तंबू खाली अन् भांडी वर असली तर सगळे भिजणार." आम्ही त्याच रात्री आमची गाडी उपसून पुन्हा भरली.

वीज : बेरीज कागदावर करा

रोज काय लागतं ते युनिटमध्ये लिहा. आमचं असं : बारा व्होल्टचा छोटा फ्रिज साधारण अर्धा युनिट, दोन पंखे मिळून ०.४, लॅपटॉप आणि फोन ०.५, दिवे व पाण्याचा पंप ०.१. म्हणजे दीड युनिट. बॅटरी २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, तिच्यात अडीच युनिट मावतात. टपावर ३३० वॉटचे दोन पॅनल. मार्चमधल्या लख्ख दिवशी अडीच युनिट देतात, जुलैत सिंधुदुर्गात कधी अर्धाही देत नाहीत. म्हणून चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

एसीचा हिशेब करून बघा म्हणजे मोह जाईल : रात्रभरात एसी आमच्या तीन दिवसांची वीज पितो. इंडक्शन शेगडीचाही हिशेब आधी करा.

घरगुती वायरिंग करणारा माणूस गाडीच्या वायरिंगसाठी आणू नका, असं मी का म्हणते ऐका. आमच्या पहिल्या वायरमनने इन्व्हर्टरला घरातल्या सॉकेटची अडीच एमएमची वायर जोडली. घरी २३० व्होल्टवर ५०० वॉटचा मिक्सर जेमतेम दोन अँपिअर खेचतो. बारा व्होल्टच्या बाजूला तोच मिक्सर चाळीसच्या वर जातो. मी खोबऱ्याची चटणी वाटत होते, तीस सेकंदांत खोबऱ्याऐवजी प्लॅस्टिकचा वास यायला लागला. फ्यूजही नव्हता. वायरचं आवरण मऊ होऊन ओट्याच्या फळीला चिकटलेलं अजून ठेवलंय, विचारणाऱ्यांना दाखवायला. बॅटरीच्या टोकापासून हातभराच्या आत मोठा फ्यूज, जाड केबल, आणि प्रत्येक जोडणीला दाबून बसवलेला लग (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण), पिळलेली वायर नको.

घरच्या इन्व्हर्टरची आम्लाची बॅटरी झोपायच्या जागेत ठेवू नका, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. लिथियमला हा त्रास नाही, मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. लाहौल-स्पितीला जाणाऱ्यांनी ती गाडीच्या आत, उबेला ठेवावी.

पाणी भरणं आणि संडास रिकामा करणं

लोक हा भाग विचारायला लाजतात आणि मग तिथेच अडकतात, म्हणून नीट सांगते.

आम्हा दोघांना रोज ३५ लिटर लागतं. आंघोळ तांब्याने, एका लहान बादलीत. १२० लिटरची टाकी तीन दिवस जाते. भरायची कुठे? पेट्रोल पंपावर डिझेल भरतानाच विचारायचं, देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नळावर परवानगीने, शेतावरच्या बोअरवर शेतकऱ्याला विचारून. विचारायची पद्धत अशी : आधी नमस्कार, मग गाव, मग पाणी. पाइप लावून थेट टाकी भरू नका, दोन कॅन घेऊन जा. पाइप बघितला की माणसाला टँकर आठवतो, कॅन बघितला की तहान. आणि मार्चनंतर माण, खटाव, जत अशा भागात गावच्या नळाला हात लावायचाच नाही. तिथे बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात; आपण जार विकत घ्यायचे किंवा पुढे जायचं. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, गाळून.

भांड्यांचं पाणी खालच्या वेगळ्या टाकीत साठतं. त्यात खरकटं जाऊ द्यायचं नाही. ताट आधी कागदाने पुसा. हे पाणी सुलभच्या मोरीत किंवा पंपावरच्या गटारात, ओढ्यात कधीही नाही.

संडासाचे दोन मार्ग आहेत. कॅसेटचा फिरता संडास, ज्याची खालची पेटी सुटकेससारखी ओढून नेता येते. किंवा लघवी वेगळी करणारी कोरडी बादली, वर लाकडाचा भुसा. आम्ही पहिल्यावर आहोत. पेटी दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती सार्वजनिक संडासाच्या भांड्यात हळूहळू ओतायची, पाण्याने धुवायची, तिथली जागाही धुवायची आणि राखणाऱ्या माणसाला नेहमीच्या दरापेक्षा जास्त पैसे द्यायचे. लपवून करू नका. "दादा, गाडीत संडास आहे, पेटी रिकामी करायचीय, जागा मी धुऊन देते" असं सरळ सांगितल्यावर मला तीन वर्षांत नकार दोनदाच मिळाला. शेतात, समुद्रात, जंगलात ओतणाऱ्यांमुळे उद्या आपल्या सगळ्यांवर बंदी येईल. रसायन घालत असाल तर ती पेटी खड्ड्याच्या संडासात ओतू नका, त्यातले जिवाणू मरतात.

आणि शक्य तेव्हा बाहेरचाच संडास वापरा. पेट्रोल पंपांनी स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा मोफत द्यायची असते. सकाळी सहाला पंपावर पोचणं ही आमच्या दिवसाची सुरुवात आहे, तिला कोणी इन्स्टाग्रामवर टाकत नाही.

गॅस, धूर आणि झोप

मोठ्या सिलिंडरची गरज नाही. पाच किलोचा फ्री ट्रेड सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, इंडेनचा 'छोटू' त्यातलाच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत बाहेर उघडणारं छिद्र हवं आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून बंद हवा. स्वयंपाक करताना खिडकी उघडी, पाऊस असला तरी.

उभ्या गाडीत इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली, जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने. या वायूला वास नाही. त्याचा अलार्म उशाशी लावा, धुराचा छपराला, आणि दोन किलोचा अग्निशामक दाराजवळ. ओट्यामागे ठेवू नका, आग तिथेच लागते.

रात्र कुठे काढायची

चार वाजता जागा शोधायला लागायचं. अंधारात चांगली दिसलेली जागा सकाळी एस.टी.चा थांबा निघते, आम्ही अनुभवलंय. सात वाजता शाळेची सगळी पोरं खिडकीतून आत.

आमचा क्रम असा आहे. ओळखीच्याचं अंगण किंवा शेत सर्वांत उत्तम. मग एमटीडीसीच्या निवासांची आवारं, परवानगीने आणि पैसे देऊन. मग मोठ्या देवस्थानांच्या भक्तनिवासांची पार्किंग. तिथे रखवालदार असतो, संडास असतात, महाप्रसादही. मग महामार्गावरचे मोठे पंप, जिथे ट्रकवाले झोपतात. ट्रकवाले असलेली जागा सुरक्षित, हा तीन वर्षांचा माझा अनुभव, बाईमाणूस म्हणून सांगते. एकाकी सड्यावर, धबधब्याखाली, गडाच्या पायथ्याशी रात्र काढणं फोटोत छान दिसतं. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर चूल पेटवली तर २०१९ पासून दंड आहे.

गाडी कायम निघायच्या तोंडाने उभी करा, चालकाची सीट रिकामी, किल्ली ठरलेल्या खुंटीला. रात्री कोणी दार वाजवलं तर दार न उघडता खिडकीतून बोलायचं. साताऱ्याच्या पुढे एकदा रात्री एकला गस्तीचे पोलीस आले. "काकू, इथं नका थांबू, पुढं चार किलोमीटरवर पंप आहे, आम्ही मागनं येतो." आले, आणि पंपावर सोडून गेले. आपत्तीत ११२, राष्ट्रीय महामार्गावर बिघाड झाला तर १०३३.

एक गोष्ट खटकते ती लिहिते. धनगरांचे वाडे दर वर्षी पावसाळा संपला की घोड्यांवर संसार लादून मेंढरांमागे जातात, ऊसतोडीचे संसार बैलगाड्यांवर कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यांना "कुठून आलात, कधी जाणार" हे ज्या आवाजात विचारलं जातं तो आवाज आम्हाला कधी ऐकावा लागत नाही, कारण आमच्या विंचवाच्या पाठीवर सोलर पॅनल आहे. जागा मागताना हे डोक्यात असलं की मागण्याचा सूर आपोआप नीट राहतो.

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत आजींनी गाडीला पूर्ण फेरी मारली. "तुमी गाडयेतच रवतास?" हो म्हटलं. "मगे तुळस खंय असा?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सकाळी दारात नारळाच्या करवंटीत लावलेलं रोप होतं. आता ते डॅशबोर्डवर असतं, घाटात सिंकमध्ये बसतं.

कोणत्या महिन्यात कुठे

एसीऐवजी आम्ही गाडी हलवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकण, गोवा, कारवारपर्यंत. मार्चमध्ये घाटावर वर यायचं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या गाडीत राहणं म्हणजे तंदूर; तेव्हा हिमाचल, अटल बोगद्यापलीकडे लाहौल. बाजूने दिल्ली परिसर लागतो, तिथले जुन्या डिझेल गाड्यांचे नियम निघायच्या आधी बघून घ्या. जून-सप्टेंबर कोकणात राहू नका. गाद्यांना बुरशी येते, पॅनल झोपतात आणि घाटांत दरडी येतात. वरंधा तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो. त्या चार महिन्यांत पर्जन्यछायेत, फलटण-आटपाडी-सांगोल्याच्या पट्ट्यात छान हवा असते. सगळीकडे हिरवं, आणि टपावर रोज थोडं तरी ऊन.

गाडीची उंची पॅनलसकट मोजून चालकासमोर लिहून चिकटवा. रेल्वेच्या भुयारी मार्गाची पाटी वाचून आठवायला वेळ नसतो.

पैशांचं थोडक्यात

आमची जुनी गाडी आणि आतलं काम मिळून पंधरा लाखांच्या आसपास गेले, त्यात एक लाख चुका दुरुस्त करण्याचा. गाडी लिटरला दहा किलोमीटर देते. महिन्याला हजार किलोमीटरच्या वर गेलो की खर्च फ्लॅटइतका होतो, म्हणून एका जागी आठवडाभर तरी थांबतो. क्लच, टायर, पाटे यांच्यासाठी वेगळं खातं ठेवा. गाडी गॅरेजमध्ये म्हणजे घर गॅरेजमध्ये. त्या रात्रींच्या लॉजचे पैसेही त्यातच धरा.

पहिला महिना

लगेच काश्मीर गाठू नका. पहिले तीस दिवस घरापासून दोन तासांच्या आत राहा. सुतार, वायरमन, वेल्डर यांचे चेहरे लक्षात आहेत तोवर. ओट्यावर एक वही टांगा आणि जे जे खटकेल ते लिहा. आठवड्याच्या शेवटी परत येऊन दुरुस्त करा. भोर, वाई, जुन्नर, आळेफाटा एवढ्यातच आमचा महिना गेला आणि वहीत त्रेचाळीस गोष्टी झाल्या. सिंकचा पाइप, उलट्या बाजूला उघडणारं दार, डोक्याला लागणारी फळी. पहिल्या क्रमांकावर मात्र 'चमचे' होते. खड्ड्यातून गाडी गेली की ड्रॉवरभर चमचे वाजायचे, फोनवर बोलता यायचं नाही. नवऱ्याने फोमचे कप्पे कापायचं ड्रॉइंग काढलं, मापं घेतली. तोवर मी सगळे चमचे एका जुन्या पायमोज्यात भरले. तोच मोजा अजून चालू आहे.